गोल्टी

लासलगावच्या खळ्यांवर कांद्याची ट्रॉली रिती झाली की निवड सुरू होते. मोठा कांदा एकीकडे, मध्यम दुसरीकडे, जोड आणि सडका तिसरीकडे. आणि या सगळ्यांतून गळून जो लहान, गोल, मुठीत दोन-तीन मावतील असा माल उरतो त्याला आमच्याकडे 'गोल्टी' म्हणतात. गोल्टीला भाव कमी मिळतो. तिचा तिखटपणा कमी असतो म्हणून नव्हे. फोडणीत पडल्यावर ती मोठ्या कांद्याला हार जाणारी नव्हे. पण १९४७ पासून चालत आलेल्या आमच्या बाजार समितीत काय किंवा जगातल्या इतर कोणत्या बाजारात काय, चव मोजायचा काटा नसतो. आकार दिसतो, म्हणून आकाराला भाव.

आमच्या मोटारीला हे नाव शेजारच्या एका व्यापाऱ्याने दिले. गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा तिच्याभोवती एक सावकाश प्रदक्षिणा घालून तो म्हणाला, "भाऊ, पैसे मोजायचेच होते तर मोठा माल घ्यायचा. ही गोल्टी कशाला उचलली?" तेव्हापासून गल्लीत तिचे हेच नाव पडले. कंपनीने दिलेले नाव आम्ही येथे मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितले की चर्चा गाडीवरून उतरून कंपनीवर जाऊन बसते, असा अनुभव आहे. वाचकांना इतके पुरे व्हावे : पाच दारे, चार मीटरच्या आत संपणारी लांबी, बाराशे सीसीच्या आतले टर्बो पेट्रोल इंजिन, शंभराहून अधिक अश्वशक्ती, हाताने टाकायचे गिअर, जमिनीलगत बसवलेले अंग आणि ताठ स्प्रिंगा. दिसायला एखाद्या शाळामास्तराची वाटावी अशी. फक्त मागच्या दारावर एक लहानसा लाल बिल्ला, तो ज्याला कळतो त्यालाच कळतो.

शेजाऱ्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. निफाड तालुक्यात मोटारीची देशी जात म्हणजे बोलेरो. २००० साली ती आली, नाशिकच्या सातपूरला तयार होते, आणि ज्या जमिनीवर चालायची त्याच जमिनीवर उगवल्यासारखी दिसते. तिला बांधावरून नेता येते, मागे पाहुणे कोंबता येतात, पिंपात पडलेला चिखल तिच्या पत्र्यावर पडला तर कोणी हळहळत नाही. आणि ती अंगणात उभी असली की घराला उंची येते. शेवटचा गुण सगळ्यांत मोलाचा. सोयरिकीला आलेली मंडळी आधी अंगणात पाहतात आणि मग घरात, हे आम्ही स्वतः पाहिलेले आहे.

तर मग गोल्टी का? या जातीच्या गाड्या बाळगणाऱ्यांचे एक ठरलेले उत्तर असते, आणि ते जवळजवळ पन्नास वर्षांचे जुने आहे. १९७५ च्या सप्टेंबरात फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली. घरगुती गोल्फचाच सांगाडा, त्यात ११० अश्वशक्तीचे इंजिन. पाच हजार गाड्या विकल्या गेल्या तरी गंगेत घोडे न्हाले असा हिशेब होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक विकल्या गेल्या. तेव्हापासून सांगितले जाते ते असे : ही एकात दोन गाड्या आहेत. सकाळी मुले शाळेत सोडा, दुपारी किराणा आणा, आणि संध्याकाळी रस्ता मोकळा मिळाला तर मनातले घोडे सोडा. उपयोगही झाला, हौसही झाली, आणि पैसे एकदाच गेले.

हे उत्तर आम्हीही पुष्कळ दिवस देत होतो. आता देत नाही. ते खोटे आहे अशातला भाग नाही. ते लाजरे आहे. त्यात हौस ही उपयोगाच्या पदराआड लपून घरात येते.

आमच्या घरात तर ती पदराआडून नव्हे, आपत्तीच्या दाराने आली. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका उंच गाडीची नोंदणी झालेली होती. चाळीत कांदा होता, भाव चढेल अशी आशा होती. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, लिलाव बंद पडले. आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. लिलाव पुन्हा थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि सुरू झाले तेव्हा फलकावरचे आकडे वाचवत नव्हते. उंच गाडीची नोंदणी मोडली. जुनी गाडी तर मोडकळीला आलेली, नाशिकची रोजची नोकरी सुटणारी नव्हती. पुण्याच्या एका गृहस्थांनी पाच वर्षे सांभाळून वापरलेली ही गाडी त्या उंच गाडीच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाली. व्यवहार म्हणून तो चोख होता. पण परत येताना सिन्नरच्या पुढे एका लांब, रिकाम्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला तेव्हा आमच्या तोंडून जो आवाज निघाला तो व्यवहाराचा नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

या गाड्यांचा आपल्या देशातला इतिहासही मापाचाच इतिहास आहे. २००१ मध्ये फियाटची पॅलिओ आली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून. तिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीत १०० अश्वशक्ती होती आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. २००५ मध्ये १.३ लिटरची मारुती स्विफ्ट आली. पुढच्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाडीची व्याख्या बांधली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेलचे १५०० च्या आत. या मापात बसेल तिचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आले. पॅलिओचे मोठे इंजिन या मापात बसणारे नव्हते, स्विफ्टचेही नव्हते. २०१० मध्ये स्विफ्टला १.२ लिटरचे इंजिन मिळाले, त्यामागचे गणित समजायला अभियंता असावे लागत नाही.

पण गोल्टीचा तिखटपणा मापाने मरत नाही. कायदा सीसी मोजतो, अश्वशक्ती मोजत नाही. आणि टर्बोचार्जर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून त्याच लहान सिलिंडरात अधिक हवा कोंबतो. २०१३ मध्ये चाकणहून निघालेल्या पोलो जीटी टीएसआयने ११९७ सीसीतून १०५ अश्वशक्ती काढली. २०२४ मध्ये आलेल्या अल्ट्रोझ रेसरने १.२ लिटरमधूनच १२० काढली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे दर बदलले : मापात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के, न बसणारीला ४०. मोजपट्टी मात्र २००६ चीच राहिली. गंमत अशी की त्याच पट्टीच्या आत राहून कारखानदारांनी उंच, रुबाबदार, चार मीटरला एखादी बोटभर कमी अशा गाड्या काढल्या, आणि त्यांनीच बुटक्या गाड्यांना बाजारातून रेटत नेले. पोलो २०२२ मध्ये संपली. मापात बसवून मोठा दिसणारा माल! आमचा शेजारी व्यापारी यावर मनापासून खूश झाला असता.

असो. रोजचे सांगतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

लासलगावहून विंचूर, तिथून नैताळे, निफाड, चांदोरी करीत नाशिक. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गावातून बाहेर पडायलाच कधी वीस मिनिटे लागतात, कारण लिलावाच्या वेळी कांद्याचे ट्रॅक्टर आणि पिकअप यांची रांग रस्त्यावर आलेली असते. त्या रांगेत ही गाडी ट्रॉल्यांच्या चाकांएवढी दिसते. आजूबाजूच्या ट्रॅक्टरवरून माणसे खिडकीतून आत नव्हे, टपावर पाहतात. वाऱ्याने उडालेली कांद्याची लाल टरफले काचेच्या खाली वायपरपाशी साचतात आणि वेग घेतला की एकदम उधळतात, हळदीला गुलाल उधळावा तशी.

आणि मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. म्हणजे चढ-उतार हलका, चाक वर जाते तेव्हा पोट वर जायला जागा मिळते. आमच्या वाटेवरचे बरेचसे गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच अशा मुरूम-डांबराच्या वरंब्या आहेत. गोल्टीचे पोट जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटरवर. उंच गाड्यांचे वीसच्या आसपास. टायरचे मापही असेच. आमच्या टायरवर १९५/५५ असे लिहिलेले आहे. म्हणजे रबराची भिंत १९५ मिलिमीटरच्या ५५ टक्के, जेमतेम १०७ मिलिमीटर. खड्ड्याचा दणका आणि आमचे मणके यांच्यात एवढेच काय ते रबर. पहिल्या पावसाळ्यात दोन रिमा वाकल्या. गतिरोधक तिरपा ओलांडायचा, एकेक चाक चढवायचे, हे आम्ही शिकलो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, तेही अंगवळणी पडले.

पहिले काही महिने आम्ही या वरंब्यांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. एके दिवशी अशाच एका वरंब्यावर पोट घासले म्हणून खाली उतरून वाकून पाहत होतो. कडेला टपरीवर बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "आमीच टाकलाय तो. सरकारनं नाय टाकला." पुढे काही बोलले नाहीत. कशासाठी टाकला हे विचारायची आम्हांला हिंमत झाली नाही, आणि गरजही नव्हती. गावकरी आपल्या खर्चाने, आपल्या हाताने रस्त्यावर मुरूम ओतायला उगीच जात नाहीत. मानकाबाहेरचा गतिरोधक म्हणजे बहुधा कोणाच्या तरी घरातून गेलेले माणूस असते. आणि ते माणूस ट्रॅक्टरने कमी, आमच्यासारख्यांनी जास्त नेलेले असते.

याच्याशी जोडून एक गोष्ट सांगणे भाग आहे. उसाच्या दिवसांत या रस्त्यावर जोडट्रॉल्या चालतात. मागे दिवा नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना रस्ता झाडीत जातात. त्यांना ओलांडायला ही गाडी अतिशय सोयीची, हा तिच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा : दुसरा गिअर, पाय दाबला, आणि समोरच्या बाजूला आपण अगदी थोडा वेळ राहतो. हे खरे आहे. पण जिथे पूर्वी आम्ही थांबत असू तिथे आता निघू लागलो, हेही खरे आहे. सोय जितकी वाढली तितका धीर कमी झाला. एका सकाळी अशी ट्रॉली ओलांडताना समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल आली. आमच्या हिशेबाने जागा होती आणि वेळही होता. त्याच्या हिशेबाने नव्हता. तो साइडपट्टीवर उतरला, मातीत घसरता घसरता सावरला. काहीही झाले नाही. त्याने शिवीही दिली नाही, फक्त पाहिले. आम्ही वाचवलेली दोन-तीन सेकंदे आमची नव्हतीच, ती त्याच्या खिशातून काढलेली होती. त्या दिवसापासून दुभाजक नसलेल्या तुकड्यावर आम्ही ट्रॉलीच्या मागे राहतो. अपवाद होत नाहीत असे नाही. पण प्रत्येक अपवादाला त्या किटल्या दिसतात.

तरीही उपयोगाचा मुद्दा मनातून पूर्ण गेला नव्हता. तो आबांनी घालवला.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ही गाडी पहिल्यापासून अमान्य. पंचाहत्तरी जवळ आलेली, गुडघे गेलेले. या गाडीत बसायचे म्हणजे विहिरीत उतरायचे आणि निघायचे म्हणजे मोट ओढायची, असे ते म्हणत. एका फेब्रुवारीत रात्री अकराच्या सुमारास त्यांना मुतखड्याची कळ आली. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि नाशिकला हलवा म्हणून सांगितले. खोटे कशाला बोला, गाडी सुरू करताना काळजीच्या जोडीला आमच्या मनात एक दुसरीही भावना होती : आता दिसेल ही गाडी कशासाठी घेतली ते.

गाव सुटले नाही तोच पहिल्या खडबडीत पट्ट्यावर आबा कण्हले. दुसऱ्यावर त्यांनी हँडलला धरलेला हात पांढरा पडला. "हळू रे," ते म्हणाले, "हळू. मरत नाय मी." ताठ स्प्रिंगा आणि १०७ मिलिमीटरची ती रबराची भिंत रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्यांच्या कमरेपर्यंत न चुकता पोहोचवत होती. शंभरावर अश्वशक्ती घेऊन आम्ही तीसच्या वेगाने निघालो. निफाडच्या अलीकडे उसाची जोडट्रॉली लागली. रस्ता रिकामा होता, ओलांडता आली असती, पण ट्रॉलीवाला खड्डे ओळखून ज्या रेषेतून चालला होता तीच रेषा आमच्याही कामाची होती, म्हणून आम्ही मुकाट्याने तिच्या मागे मागे गेलो. नाशिकला पोहोचायला दोन तासांहून जास्त लागले. बोलेरोत ते सुखाने गेले असते असे नाही, तिचे पाटेही काही पालखीचे नव्हेत. पण एखाद्या मऊ, साध्या, निर्बळ गाडीत निश्चितच गेले असते. ज्या एका रात्री वेगाचा काही उपयोग व्हायचा, त्या रात्री वेग निरुपयोगी ठरला आणि त्याची किंमत आबांनी मोजली.

आबा चार दिवसांत घरी आले. त्यानंतर घरात गाडी विकण्याचा विषय निघाला आणि आमच्यापाशी सांगायला काहीच उरले नव्हते. ओझे? मागची सीट पाडून कांद्याच्या चार गोण्या बसतात, आणि मग महिनाभर गाडीला वास येतो. ऐसपैसपणा? नाही. दिमाख? त्याचा निकाल शेजाऱ्याने लावलेलाच होता. तेव्हा आम्ही आयुष्यात प्रथमच खरे उत्तर दिले : आम्हांला ती चालवायला आवडते.

ते उत्तर आमच्या गावात उच्चारायला जड जाते. जिथे प्रत्येक वस्तूला क्विंटलचा भाव आहे, जिथे दिल्लीतल्या एका अधिसूचनेने वर्षाची कमाई पाण्यात जाते, तिथे 'आवडते' हा शब्द चैनीचा वाटतो. पण हाच शेतकरी बैलाची जोडी घेताना नुसता ओढ पाहत नसे. शिंगांची ठेवण पाही, चाल पाही, आणि पोळ्याला ती जोडी वेशीतून नेताना त्याचा चेहरा कसा असे हे आबांच्या पिढीला सांगावे लागत नाही. त्या चालीने नांगरट अधिक होत नव्हती. कामाच्या जनावरात त्याला कामापलीकडचे काही हवे होते, आणि ते त्याने कधी उपयोगाच्या नावाखाली लपवले नाही. आमच्या वाट्याला बैल आले नाहीत, सव्वाशे किलोमीटर आले. ते आयुष्यभर कंटाळत कापायचे की हाताला, पायाला, कानाला काही कळत कापायचे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याला वेग फारसा लागतही नाही. स्टिअरिंग किंचित वळवले की गाडीचे नाक त्याच क्षणी वळते, गिअर खटकन जागी बसतो, हे चाळीसच्या वेगालाही तितकेच कळते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी राज्यात गाजते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात, आणि द्राक्षबागांत मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर शेकोट्या पेटतात. पहाटे सहाला निघालो की धुके आणि धूर यांची एक पट्टी बागांवर तरंगत असते. थंड हवा दाट असते, टर्बो इंजिनाला ती मानवते. त्या दिवसांत गोल्टी इतर कधीही चालत नाही इतकी सुरेख चालते. ज्या थंडीने एखाद्याचा हंगाम जाईल तीच आमच्या इंजिनाला खुराक. त्या शेकोट्यांशेजारून जाताना आम्ही पाय सैल सोडतो, आवाज कमी व्हावा म्हणून. त्याने बागेला काही फरक पडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

गाडी विकली नाही. आबांनी त्यावर मत दिले नाही. एक दिवस मात्र खळ्यावरून परत येताना ते एक रिकामे बारदान घेऊन आले. चार घड्या घालून त्यांनी ते पुढच्या डाव्या सीटवर ठेवले, बसून पाहिले, उठून पाहिले, पाचवी घडी घातली. आता त्यांना बसता-उठता येते. दवाखान्याच्या फेऱ्या याच गाडीतून होतात, तीसच्या वेगाने. मात्र परवा विंचूर मागे पडले, शेवटची वरंबी तिरपी ओलांडून झाली, पुढे रस्ता नव्याने डांबरलेला आणि लांबवर रिकामा होता, तेव्हा ते समोर पाहतच म्हणाले, "आता घे जरा."

वळणावर बारदान सरकते. ते सुतळीने सीटला बांधून टाकायचे राहिले आहे.